खेळ थांबला, पगाराचं काय?

२ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल समोरासमोर होते. युनायटेड तक्त्याच्या तळाशी, पहिल्या श्रेणीतून घसरण्याच्या बेतात. लिव्हरपूल मध्यावर, त्यांना ना भीती ना आशा. युनायटेडने एका गोलची आघाडी घेतली आणि त्यांना पेनल्टी मिळाली. कर्णधार पॅट्रिक ओकॉनेल हा डब्लिनचा गडी पुढे आला. त्याने चेंडू गोलखांबापासून इतका लांब मारला की प्रेक्षकांना शंका यावी. जॉर्ज अँडरसनने दुसरा गोल केला आणि त्यानंतर सामना जणू संपलाच. चेंडू उगाच इकडून तिकडे, मैदानाबाहेर. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमने शेवटाकडे एक फटका आडव्या दांडीवर मारला, तर त्याचेच सहकारी त्याच्यावर डाफरले. युनायटेडचा बिली मेरेडिथ हा त्या काळातला सर्वांत नावाजलेला विंगर. त्याच्याकडे त्या दिवशी चेंडूच येत नव्हता, आणि असं का होतंय हे आपल्याला कळेना, असं त्याने नंतर सांगितलं.

निकाल दोन-शून्य. नेमक्या याच निकालावर सातास एक भावाने बरेच पैसे लागले होते. बुकींनी पैसे द्यायला नकार दिला, पत्रकं निघाली, फुटबॉल असोसिएशनने चौकशी नेमली. डिसेंबर १९१५ मध्ये निर्णय आला. लिव्हरपूलचे चार आणि युनायटेडचे तीन खेळाडू तहहयात बाद. ओकॉनेलवर ठपका आला नाही. पेनल्टी चुकणं हा पुरावा होत नाही.

हे प्रकरण सट्टेबाजीच्या इतिहासात मोडतं. मला ते पगाराच्या इतिहासात मोडावंसं वाटतं. खेळाडूंनी सामन्याचा निकाल आधीच का ठरवला याचं उत्तर त्या वसंतातल्या परिस्थितीत आहे. महायुद्ध सुरू होऊन आठ महिने झाले होते. पुढच्या हंगामात लीग होणार नाही हे सगळे धरून चालले होते. खेळाडूचा करार हंगामापुरता असे आणि वेतनाची कमाल मर्यादा ठरलेली होती. चांगल्या, जुन्या खेळाडूला फार तर आठवड्याला पाच पौंड. त्यातून साठवून साठवणार किती? एप्रिल संपला की करार संपणार, क्लब नवा करार करणार नाही, आणि तिशीला आलेल्या माणसाच्या हातात फुटबॉलशिवाय दुसरा हुन्नर नाही. शेवटच्या पगारापूर्वीची ही शेवटची संधी होती. त्यांनी ती चुकीच्या मार्गाने साधली, याबद्दल दुमत नाही.

तहहयात बाद झालेल्यांपैकी सँडी टर्नबुलची कथा चटका लावणारी. १९०९ साली फुटबॉल असोसिएशनने खेळाडूंना आपली संघटना सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा युनायटेडचे जे खेळाडू अडून बसले त्यांत टर्नबुल होता, मेरेडिथही होता. त्या मंडळींनी स्वतःला बहिष्कृतांचा क्लब म्हणवून फोटो काढून घेतला होता. म्हणजे पगार अडवला जाणं म्हणजे काय हे टर्नबुलने सहा वर्षं आधीच अनुभवलं होतं. बंदीनंतर तो सैन्यात गेला आणि ३ मे १९१७ रोजी अरासच्या लढाईत मारला गेला. युद्धात कामगिरी बजावली म्हणून १९१९ मध्ये बहुतेकांची बंदी उठली. टर्नबुलची मरणोत्तर. ईनॉक वेस्ट मात्र आपण निर्दोष असल्याचं सांगत कोर्टात गेला, हरला, आणि त्याची बंदी उठायला १९४५ साल उजाडलं. तेव्हा तो साठीला टेकला होता.

जुलै १९१५ मध्ये अपेक्षित निर्णय झाला. लीग बंद, कप बंद. प्रादेशिक सामने चालतील, पण खेळाडूला वेतन द्यायचं नाही. त्याआधीचं वर्ष व्यावसायिक फुटबॉलपटूंना शिव्या खाण्यात गेलं होतं. पोरं खंदकांत मरताहेत आणि हे धट्टेकट्टे लोक पैसे घेऊन चेंडू लाथाडताहेत, असा सूर वर्तमानपत्रांतल्या पत्रांतून निघत होता. क्रिकेट, रग्बी हे शिकल्यासवरल्यांचे खेळ लगेच थांबले आणि कामगारांचा हा खेळ तेवढा चालू राहिला, असा त्यात वर्गाचा डंखही होता. खाणमालकाच्या नफ्यावर कुणी पत्र लिहीत नव्हतं. खेळाडूंची अशी एक स्वतंत्र पलटण डिसेंबर १९१४ मध्ये लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये उभी राहिली, तरी टीका थांबली नाही.

आता त्या पेनल्टी चुकवणाऱ्या ओकॉनेलच्या मागे जाऊ. खेळणं संपल्यावर तो स्पेनला गेला आणि प्रशिक्षक झाला. १९३५ साली त्याने रेआल बेतिसला लीग जिंकून दिली. बेतिसला ती पुन्हा कधी जिंकता आलेली नाही. त्यानंतर बार्सिलोनाने त्याला बोलावलं. जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली, ऑगस्टमध्ये क्लबचे अध्यक्ष जोसेप सुन्यॉल यांना फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. लीग थांबली. क्लब कर्मचाऱ्यांच्या समितीने ताब्यात घेतला, पण ताब्यात घ्यायला शिल्लक होतं काय? प्रेक्षक आघाडीवर, गेटचे पैसे नाहीत, देणी मात्र जिथल्या तिथे.

१९३७ मध्ये मेक्सिकोहून एक प्रस्ताव आला. दौऱ्यावर या, इथे सामने खेळा, डॉलरमध्ये पैसे घ्या. ओकॉनेल संघ घेऊन निघाला. मेक्सिको झालं, न्यूयॉर्क झालं. कमाई बार्सिलोनात आणली तर युद्धात कुणाच्या हाती लागेल सांगता येत नव्हतं, म्हणून ती पॅरिसच्या बँकेत ठेवली. त्या पैशावर क्लब तगला. खेळाडूंपैकी बहुतेक परत आलेच नाहीत. कुणी मेक्सिकोत राहिलं, कुणी फ्रान्समध्ये. युद्धात परतण्यापेक्षा परदेशात पगार मिळवणं त्यांना शहाणपणाचं वाटलं, आणि त्यांना कोण नावं ठेवणार? क्लब वाचला, पण संघ गेला. ओकॉनेल स्वतः १९५९ मध्ये लंडनमध्ये कफल्लक अवस्थेत वारला.

इंग्लंडची दुसरी टाळेबंदी याहून झटपट झाली. १९३९-४० चा हंगाम ऑगस्टअखेर सुरू झाला. शनिवार, २ सप्टेंबरला सामने झाले. ब्लॅकपूल तिन्ही सामने जिंकून पहिल्या श्रेणीत अव्वल होतं. रविवारी सकाळी पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवर युद्ध जाहीर केलं आणि ब्लॅकपूलचं ते अव्वल स्थान कागदावरच राहिलं. सरकारने गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. लीगने हंगाम थांबवला आणि खेळाडूंचे करार स्थगित केले. पगार त्याच आठवड्यापासून बंद.

यातली खरी मेख अशी होती. करार स्थगित झाला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहिली. म्हणजे क्लब पगार देणार नाही, पण खेळाडू दुसऱ्या क्लबचा होऊ शकणार नाही. युद्ध संपल्यावर तो त्याच दावणीला परत यायचा. क्लबच्या दृष्टीने याहून सोयीची व्यवस्था कल्पून पाहावी तरी सुचणार नाही. खर्च शून्य आणि मालमत्ता शाबूत.

ऑक्टोबरमध्ये प्रादेशिक स्पर्धा सुरू झाल्या. सुरुवातीला अनेक ठिकाणी आठ हजारांहून जास्त प्रेक्षक घ्यायला मनाई होती, कारण बॉम्ब पडला तर काय? खेळाडूला सामन्यामागे ३० शिलिंग ठरले, म्हणजे दीड पौंड. आधी नामांकित खेळाडूला हंगामात आठवड्याला आठ पौंडांपर्यंत मिळत. पाचव्या हिश्श्याहूनही कमी रकमेवर ते खेळायला लागले. बाकीचं पोट कुणी कारखान्यात भरलं, कुणी पोलिसांच्या युद्धकालीन राखीव दलात, कुणी सैन्यात व्यायामशिक्षक होऊन. खेळाडू जिथे नोकरीला असेल तिथल्या क्लबकडून पाहुणा म्हणून खेळू शके, आणि त्यातून मोठी गंमत झाली. अल्डरशॉट हा तिसऱ्या श्रेणीतला छोटा क्लब, पण तिथे सैन्याची मोठी छावणी. ब्रिटन, कलिस आणि मर्सर ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची मधली फळी त्यामुळे अल्डरशॉटकडून खेळली. शांततेच्या काळात त्या क्लबला असले खेळाडू स्वप्नातही परवडले नसते.

सगळ्या क्लबांची स्थिती सारखी नव्हती. आर्सेनलचं हायबरी मैदान नागरी संरक्षण दलाने घेतलं, म्हणून त्यांना शेजारच्या टॉटनहॅमच्या मैदानावर खेळावं लागलं. मार्च १९४१ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले. बोल्टनचा जवळजवळ अख्खा संघ एका तोफखाना रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि त्याचा कर्णधार हॅरी गॉस्लिन डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत कामी आला. बोल्टनच्या ताळेबंदात या गोष्टीची नोंद कशी झाली असेल याचा मी कधी कधी विचार करतो.

युद्धानंतर मैदानं ओसंडून वाहू लागली. पैसा आला, पण वेतनाची मर्यादा तशीच राहिली. १९५८ मध्ये ती आठवड्याला २० पौंड होती. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष जिमी हिल याने संपाची नोटीस दिली आणि जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा गेली. लगोलग फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड दिले. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने नोंदणी अडवून ठेवण्याची पद्धत अन्यायकारक ठरवली. १९९५ मध्ये बॉस्मन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यानंतर करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. या तीन तारखा इथे घाईने सांगतो आहे, पण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. १९३९ मध्ये एका ठरावाने हजारो खेळाडूंचा पगार थांबवता आला. आता करार मोडायचा तर खेळाडूची सही लागणार होती.

२०२० च्या मार्चमध्ये ही परीक्षा झाली. १२ मार्चच्या रात्री आर्सेनलचा प्रशिक्षक मिकेल अर्तेता याला कोरोना झाल्याचं कळलं आणि दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधलं फुटबॉल थांबलं. प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीचे ९२ सामने बाकी होते. २० मार्चला अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी योजना जाहीर केली. कामगाराला काढू नका, सक्तीच्या रजेवर पाठवा. त्याच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला अडीच हजार पौंडांपर्यंत, सरकार भरेल. योजना हॉटेलं, कारखाने, दुकानं डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. पण क्लब हीसुद्धा कंपनीच.

न्यूकॅसल, टॉटनहॅम, नॉर्विच, बोर्नमथ यांनी कार्यालयातल्या आणि मैदानावरच्या कर्मचाऱ्यांना या योजनेत घातलं. टॉटनहॅमने खेळाडू सोडून इतर सुमारे ५५० जणांच्या पगारात २० टक्के कपात जाहीर केली. अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांना आदल्या हंगामासाठी ७० लाख पौंड मिळाल्याचा हिशोब त्याच सुमारास बाहेर आला. ४ एप्रिलला लिव्हरपूलनेही तीच वाट धरली. या क्लबने महिनाभरापूर्वीच ५३ कोटी पौंडांची उलाढाल आणि ४ कोटी पौंडांवर करपूर्व नफा दाखवला होता. त्यांचे जुने खेळाडू आणि स्वतःचे चाहतेच उलटले. दोन दिवसांत मुख्याधिकारी पीटर मूर यांनी माफी मागून निर्णय मागे घेतला. टॉटनहॅम आणि बोर्नमथही आठवड्याभरात मागे फिरले.

या गदारोळात सगळ्यांचं बोट मात्र वळलं खेळाडूंकडे. २ एप्रिल २०२० रोजी आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक सरकारच्या रोजच्या पत्रकार परिषदेत उभे राहिले. प्रीमियर लीगच्या खेळाडूंनी पगार कापून घ्यावा आणि आपला वाटा उचलावा, असं ते म्हणाले. ओल्ड ट्रॅफर्डच्या त्या सामन्याला त्या दिवशी बरोबर १०५ वर्षं पूर्ण झाली होती. हा योगायोग त्या सभागृहात कुणाच्या ध्यानात आला असण्याची शक्यता कमी. बँकांचे प्रमुख, निधी सांभाळणारे श्रीमंत दलाल, खुद्द क्लबांचे अब्जाधीश मालक यांच्याबद्दल मंत्र्यांनी अवाक्षर काढलं नाही. १९१४ च्या पत्रलेखकांचीच परंपरा ही. गरीब वस्तीतून वर आलेल्या पोराच्या हाती पैसा दिसला की सभ्य समाजाला तो ताबडतोब मोजावासा वाटतो.

दुसऱ्याच दिवशी प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवलं की खेळाडूंशी ३० टक्क्यांबद्दल बोलायचं. काही कपात, काही रक्कम नंतर देण्याच्या बोलीवर. सोबत खालच्या श्रेणीतल्या क्लबांना साडेबारा कोटी पौंड आगाऊ आणि आरोग्यसेवा व गरजूंसाठी दोन कोटी पौंड. खेळाडूंच्या संघटनेने ४ एप्रिलला जे उत्तर दिलं ते वाचण्यासारखं आहे. वर्षभर ३० टक्के कपात म्हणजे ५० कोटी पौंडांहून अधिक वेतन जाणार. त्यावरचा २० कोटींहून अधिक कर सरकारला मिळणार नाही. त्याच आरोग्यसेवेचं यात नुकसान नाही का? आणि कापलेला पैसा जाणार कुठे, मालकांच्या खिशात?

हा प्रश्न चलाखीचा होता हे मान्य. कुणी तो स्वार्थीही म्हणेल. पण त्यातला हिशोब खोटा नव्हता. खेळाडूंनी मग आपली वाट काढली. लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसनने इतर क्लबांच्या कर्णधारांना फोन केले आणि ८ एप्रिलला त्यांनी आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांसाठी आपला स्वतंत्र निधी जाहीर केला. पैसे द्यायचे, पण क्लबच्या हातून नाही, असा त्याचा सरळ अर्थ. त्या उन्हाळ्यात युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डने गरीब मुलांच्या सुटीतल्या जेवणाचा प्रश्न लावून धरला आणि जूनमध्ये सरकारला निर्णय फिरवावा लागला. ‘आपला वाटा उचला’ म्हणणाऱ्यांना एवढा मोठा वाटा अपेक्षित नसावा.

वेतनाचं घोडं प्रत्येक क्लबमध्ये वेगळं नाचलं. प्रीमियर लीगमध्ये साउदॅम्प्टनचे खेळाडू पगार लांबणीवर टाकायला प्रथम तयार झाले. त्याआधी दुसऱ्या श्रेणीतल्या लीड्सच्या खेळाडूंनी मार्चमध्येच तसं केलं होतं. आर्सेनलमध्ये साडेबारा टक्के कपात ठरली. मेसूत ओझिलने ती नाकारली आणि टीकेचा धनी झाला. ऑगस्टमध्ये आर्सेनलने नोकर्‍या वाचवण्याची भाषा बाजूला ठेवून ५५ जागा रद्द करण्याचं जाहीर केलं. क्लबचं शुभचिन्ह असलेला हिरवा डायनासोर गनरसॉरस, त्याचा पोशाख घालणाऱ्या माणसाचीही नोकरी गेली, तेव्हा त्याचा पगार आपण देतो म्हणून पुढे आला तो ओझिलच. कपातीला नकार देणारे सगळे कंजूष आणि मान्य करणारे सगळे दानशूर, असा हिशोब मांडणाऱ्यांची तिथे पंचाईत झाली.

गंगाजळी मुळात नव्हतीच, ही गोष्ट या वादात झाकली गेली. प्रीमियर लीगला दूरचित्रवाणीच्या हक्कांपोटी तीन वर्षांना नऊ अब्ज पौंडांहून अधिक मिळत होते. उरलेले सामने झालेच नाहीत तर त्यातले सुमारे ७६ कोटी परत द्यावे लागतील असा अंदाज होता. एवढ्या एका आकड्याने जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगला घाम फुटला. ऑगस्टपर्यंत आपल्याकडचे पैसे संपतील, असं बर्नलीने उघड सांगितलं. आणि बर्नली हा काटकसरीसाठी प्रसिद्ध क्लब. दुसऱ्या श्रेणीत तर २०१८-१९ मध्ये, म्हणजे साथ यायच्या आधीच, क्लबांचा पगारावरचा खर्च एकूण उत्पन्नाच्या १०७ टक्के होता. शंभर रुपये मिळवणाऱ्या घराने एकशे सात रुपये नुसत्या दूध-भाजीवर उडवावेत, घरभाडं आणि विजेचं बिल वेगळंच. हा भोक पडलेला हिशोब मालक स्वतःच्या पैशाने बुजवतो, तोवर क्लब चालतो. मालकाचा मूड गेला की संपलं. विगन जुलै २०२० मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेलं. मॅकल्सफील्ड टाउनची देणी होती पाच लाख पौंडांच्या आसपास, म्हणजे प्रीमियर लीगच्या मोठ्या खेळाडूचा दोनेक आठवड्यांचा पगार. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने तो १४६ वर्षांचा क्लब बंद केला.

प्रीमियर लीगचा खेळ १७ जूनला रिकाम्या मैदानांवर सुरू झाला आणि २६ जुलैला संपला. तरीही वाहिन्यांना सुमारे ३३ कोटी पौंड द्यावे लागलेच. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीने हंगाम गुंडाळला, कारण त्यांचं उत्पन्न गेटचं. प्रेक्षकांविना खेळणं म्हणजे तोट्यात भर.

युरोपात इतरत्रही हेच नाट्य वेगवेगळ्या वेशांत चालू होतं. जर्मनीत मोन्शेनग्लाडबाखच्या खेळाडूंनी कुणी मागायच्या आत पगार सोडण्याची तयारी दाखवली. स्वित्झर्लंडच्या सियों क्लबचे मालक क्रिस्टियाँ कॉन्स्टान्टाँ यांनी कपात न मानणाऱ्या नऊ खेळाडूंना मार्चमध्येच काढून टाकलं. त्यांत अॅलेक्स साँगसारखे नावाजलेले होते. इटलीत युव्हेन्टसने २८ मार्चला घोषणा केली, की खेळाडू आणि प्रशिक्षक चार महिन्यांचा पगार सोडत आहेत आणि क्लबचे नऊ कोटी युरो वाचणार आहेत. जगभर कौतुक झालं. हाच आदर्श असं लिहिलं गेलं. पुढे तुरिनच्या सरकारी वकिलांनी तपास केला तेव्हा त्यांचं म्हणणं पडलं, की खेळाडूंनी खरोखर सोडला तो एकच महिना. उरलेले तीन महिने नंतर द्यायचे असे खासगी कागद झाले होते आणि ते हिशोबात दिसत नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये युव्हेन्टसच्या संपूर्ण संचालक मंडळाने राजीनामा दिला. मे २०२३ मध्ये या वेतन प्रकरणात क्लबने सुमारे सात लाख युरोंचा दंड भरून तडजोड केली. शेअर बाजारात नोंदलेल्या क्लबला त्यागाची जाहिरात महागात पडली.

आणि बार्सिलोना? ३० मार्च २०२० रोजी लिओनेल मेस्सीने इन्स्टाग्रामवर जाहीर केलं, की आणीबाणी असेतोवर खेळाडू ७० टक्के पगार सोडतील आणि कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळेल याची तजवीजही करतील. त्याच मजकुरात त्याने क्लबच्या आतल्या काही लोकांना टोला हाणला. आम्ही जे करणारच होतो त्यासाठी आमच्यावर दबाव आणायची काय गरज होती, असा त्याचा सूर होता. कपात झाली, पण दुखणं टाळेबंदीचं नव्हतंच. ते आधीपासूनच्या करारांचं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी हिशोब मांडला. कर्ज १३५ कोटी युरो, पगार उत्पन्नाच्या १०३ टक्के. त्याच महिन्यात लीगच्या खर्चमर्यादेत बसत नाही म्हणून मेस्सीला रडत रडत निरोप घ्यावा लागला. १९३७ मध्ये या क्लबचा संघ गेला आणि क्लब वाचला होता. २०२१ मध्ये एका खेळाडूच्या पगाराला जागा करता आली नाही, तेव्हा तो जगातल्या सर्वाधिक उत्पन्नाच्या क्लबांपैकी एक होता. ओकॉनेलची कमाई डॉलरमध्ये, रोखीत होती. लापोर्तांच्या हाती होती ती पुढच्या वर्षांच्या वचनांची थप्पी.

भारतात २०२० चा मार्च गोव्यात संपला. १४ मार्चला फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगची अंतिम लढत प्रेक्षकांविना झाली आणि एटीकेने ती जिंकली. कोलकात्यात ईस्ट बंगालच्या त्या वेळच्या गुंतवणूकदार कंपनीने दैवी आपत्तीचं कलम पुढे करून खेळाडूंचे करार मुदतीआधीच संपवले. १९३९ च्या इंग्लंडमध्ये जे सगळ्यांचं झालं ते इथे एका क्लबच्या खेळाडूंचं झालं, आणि इथे त्यांच्या बाजूने बोलणारा आवाज क्षीण होता. पुढचा हंगाम अख्खा गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, बंदिस्त व्यवस्थेत खेळला गेला. मार्च २०२१ मध्ये शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई सिटी विजेता झाला. रिकाम्या खुर्च्यांसमोर का होईना, खेळ झाला, पगार झाले.

खरी टाळेबंदी आपल्याकडे त्यानंतर आली. भारतीय फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीग चालवणारी कंपनी यांच्यातला व्यापारी हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नवा करार ठरेना. जुलै २०२५ मध्ये कंपनीने पुढचा हंगाम स्थगित ठेवत असल्याचं क्लबांना कळवलं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे खेळाडू आणि त्यांच्यासोबतचे कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. गोवा-मुंबईतल्या खेळाडूंनाही हंगाम कधी सुरू होणार हे सांगायला कुणी नव्हतं. महायुद्ध नव्हतं, यादवी नव्हती, साथही नव्हती. पंधरा वर्षांच्या एका करारनाम्याची मुदत संपत होती, आणि ती तारीख महासंघाच्या दप्तरात २०१० पासून लिहिलेली होती.